आपल्या हातचे कपडे, आपणच काढलेले फोटो

भगिनींनो, आपल्या वस्तीत कुठल्याही गल्लीत दुपारी शिरलात तर दोन-चार घरांतून तरी शिलाई मशीनचा आवाज ऐकू येतो. कोणी लहान मुलींचे फ्रॉक शिवते, कोणी झबली-टोपडी, कोणी ब्लाऊज, तर कोणी नोकरदार बायकांसाठी कुर्ते. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा जवळ आली की पांढऱ्या साड्यांना निळे काठ लावण्याचे आणि पांढरे कुर्ते शिवण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. काम चोख असते, टाका सरळ असतो. तरीही माल घरात पडून राहतो, किंवा पडेल त्या भावात दुकानदाराला द्यावा लागतो. असे का होते?

पूर्वी गिऱ्हाईक घरी यायचे. कापड अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळून पाहायचे. फ्रॉक उलटा करून आतली शिवण बघायचे, लेस ओढून पाहायचे, पोरीच्या पाठीला लावून माप घ्यायचे. मग भाव व्हायचा. आज निम्मा व्यवहार फोनवर होतो. नणंदेच्या ऑफिसातली बाई, बदलापूरची मावशी, प्रदर्शनात एकदा भेटलेले गिऱ्हाईक, सगळ्यांचे म्हणणे एकच, ‘फोटो पाठवा.’ बचत गटांच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारख्या ठिकाणी जे गिऱ्हाईक कपडा हातात घेऊन खूश होते, तेच पुढच्या वेळी फोनवर फोटो मागते. म्हणजे गिऱ्हाइकाचा हात आता कपड्यापर्यंत पोहोचत नाही. त्या हाताचे काम फोटोला करावे लागते.

आणि आपण पाठवतो काय? फुलाफुलांच्या चादरीवर टाकलेला फ्रॉक, रात्री ट्यूबलाइटखाली घाईने काढलेला, वर आपलीच सावली, कडेला पिठाचा डबा. तोच फ्रॉक दुकानदार नेतो, उजेडात नीट टांगतो आणि चांगला फोटो काढून दुसऱ्या दिवशी विकायला लावतो. समजा, आपल्याला एका नगामागे ५० रुपये मजुरी मिळाली आणि त्याने तो ३५० ला विकला. मधल्या ३०० रुपयांत कापड, लेस आणि दुकानाचे भाडे आहे, हे मान्य. पण त्यातला एक भाग निव्वळ या गोष्टीचा आहे की गिऱ्हाइकाला माल दाखवण्याची सोय त्याच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही. ती सोय महाग असती तर आम्ही हा विषय काढला नसता. ती महाग नाही. घरातला साधा फोन, दिवसाचा उजेड, एक पांढरे कार्डशीट आणि अर्धा तास निवांतपणा एवढ्यावर भागते. आजच्या लेखात ते कसे करायचे, हे सांगत आहोत. शिलाईचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनाही हे तितकेच उपयोगी आहे.

आधी कपडा, मग फोन

फोटो काढण्याआधीची दहा मिनिटे सर्वांत महत्त्वाची. कपड्याला कडक इस्त्री करा. डोळ्याला न दिसणारी सुरकुती फोटोत ठळक दिसते. लोंबणारे धागे कात्रीने काढा, खडूच्या खुणा झटका, बटणे आणि हूक लावा. झबल्याच्या किंवा फ्रॉकच्या बाहीत वर्तमानपत्राचा बोळा हलका भरला की बाही चपटी न दिसता भरलेली दिसते. मात्र कागद पांढऱ्या किंवा पातळ कापडातून दिसू लागला तर त्याऐवजी जुने पांढरे फडके वापरा.

मग फोनची काच पुसा. आपला फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर असतो, मुलांच्या हातात असतो. तेलकट बोटाचा एक ठसा काचेवर असला की सगळा फोटो धुक्यातून काढल्यासारखा दिसतो. कॅमेरा खराब झाला म्हणून नवा फोन घ्यायचा विचार करण्यापूर्वी जुन्या मऊ सुती कापडाने काच पुसून पाहा.

उजेड फुकट आहे, पण त्याची पारख हवी

आपल्या घरांना मोठ्या खिडक्या नसतात. खिडकी असली तरी पलीकडे तीन फुटांवर शेजारच्याची भिंत असते. म्हणून आमचे सांगणे आहे, घराचा दरवाजा हीच खिडकी समजा. दरवाजा उघडा टाका आणि उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत, थेट ऊन पडत नाही अशा जागी कपडा ठेवा. चाळीची गॅलरी, इमारतीच्या जिन्याची मोकळी जागा, गच्चीवरची सावली याही जागा उत्तम. थेट उन्हात फोटो काढू नका. उन्हात उजळ भाग पांढराफटक पडतो आणि घड्यांच्या सावल्या काळ्या होतात. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी चारनंतरची वेळ बरी. पावसाळ्यातला ढगाळ दिवस तर फारच चांगला, कारण ढग उजेड सगळीकडे सारखा पसरवतात. पाऊस आहे म्हणून काम थांबवू नका.

घरातले दिवे बंद करा. याचे कारण समजून घेतले तर कायम लक्षात राहील. पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस असतो आणि दिवसाचा उजेड निळसर. आपला डोळा दोन्हींत पांढऱ्याला पांढरेच मानतो. फोनही तसा प्रयत्न करतो, पण तो एका वेळी एकाच उजेडाचा हिशेब धरू शकतो. दोन्ही उजेड एकत्र पडले की कपड्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी दिसते. फोनचा फ्लॅशही लावू नका. तो कापडाची वीण सपाट करतो आणि मागे काळी सावली टाकतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याच वस्त्यांत घडते. पावसाळ्यात दारावर निळी ताडपत्री बांधलेली असली की तिच्याखालून येणारा सगळा उजेड निळा होतो. समोरची भिंत हिरव्या रंगाची असेल तर तिच्यावर आपटून येणारा उजेड हिरवट असतो. गुलाबी झबले जांभळट दिसू लागले तर दोष फोनचा नसून ताडपत्रीचा असतो. अशा वेळी गॅलरीत किंवा गच्चीवर जा.

दरवाज्याच्या बाजूने उजेड येतो तेव्हा कपड्याची दुसरी बाजू अंधारात जाते. तिथे पांढरे कार्डशीट उभे धरा. दरवाज्यातून आलेला उजेड त्याच्यावर आपटून परत कपड्यावर पडतो आणि काळोखी बाजू उजळते. घरातल्या शाळकरी मुलाला हे धरायला सांगितले तर तो आनंदाने धरतो आणि विज्ञानाचा एक धडाही शिकतो. कार्डशीट नसेल तर पांढरे धोतर किंवा धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाकली तरी चालते.

मागे काय दिसते?

फुलांची चादर, चौकड्यांची लादी, भांड्यांची मांडणी यांतले काहीही मागे नको. गिऱ्हाइकाची नजर कपड्यावरून हलता कामा नये. एक साधी, एकरंगी, इस्त्री केलेली चादर याच कामासाठी बाजूला ठेवा. फिका राखी किंवा बदामी रंग सर्वांत सोयीचा, कारण त्यावर पांढरा कपडाही उठून दिसतो आणि गडदही. चादर भिंतीवर वरून सोडा आणि खाली जमिनीवर तशीच पुढे पसरू द्या, म्हणजे भिंत आणि जमीन यांच्यातली रेघ दिसत नाही.

आपल्या घरात दर्शनी भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते. ती भिंत या कामाला घेऊ नका. फ्रॉकच्या मागे अर्धी कापलेली तसबीर येणे आपल्यालाही रुचणार नाही आणि पाहणाऱ्याचे लक्षही कपड्यावर राहणार नाही. दुसरी भिंत निवडा.

इंटरनेटवरच्या मोठ्या दुकानांचे यासंबंधी आपापले नियम असतात. अमेझॉनला, उदाहरणार्थ, वस्तूचा मुख्य फोटो पूर्ण पांढऱ्या पार्श्वभूमीवर लागतो आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. तिथे विकायचा विचार असेल तर आधी नियम वाचून मगच फोटो काढा. ओळखीच्या गिऱ्हाइकांना पाठवायला मात्र एवढ्या पांढऱ्या पार्श्वभूमीची गरज नाही.

उभे कुठे राहायचे?

फ्रॉक, कुर्ता, ब्लाऊज हँगरवर टांगून काढावा. फोन कपड्याच्या मध्याच्या उंचीवर, सरळ धरावा. वरून वाकून काढलेल्या फोटोत गळा मोठा आणि घेर लहान दिसतो. फार जवळ गेल्यानेही तेच होते. म्हणून चार-पाच फूट मागे सरकावे. जागा कमी असेल तर कपडा दरवाज्याच्या आत टांगून आपण गॅलरीत उभे राहावे. सेटिंगमध्ये चौकटीच्या उभ्या-आडव्या रेघा दाखवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. ती चालू केली की कपडा वाकडा येत नाही.

झबली, टोपडी, दुपटी ही जमिनीवर मांडून वरून काढावीत. भक्कम स्टुलावर उभे राहा, फोन जमिनीला समांतर ठेवा आणि आपली सावली कपड्यावर पडत नाही ना, ते पाहा. हात थरथरत असतील तर तीन सेकंदांचा टायमर लावा. टांगलेल्या कपड्यासाठी फोन डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवला तरी तिपाईचे काम होते.

बारीक चौकडी किंवा बारीक पट्ट्यांच्या कापडावर कधी कधी फोटोत लाटा उठल्यासारख्या दिसतात. त्या कापडात नसतात. पाऊलभर मागे-पुढे होऊन पुन्हा फोटो काढला की बहुधा जातात.

पांढऱ्या कपड्याची अडचण

आपल्याकडे पांढऱ्याला मागणी मोठी, म्हणून याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पांढरी साडी फोटोत मळकी, राखी दिसते, ही तक्रार नेहमीची आहे. फोनचा कॅमेरा समोरचा सगळा उजेड सरासरीने मोजतो आणि दृश्य मध्यम राखी आहे असे धरून चालतो. चौकटभर पांढरे कापड आले की त्याला वाटते उजेड जास्त झाला, आणि तो फोटो अंधारा करतो. त्यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर कपड्याच्या जागी बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याची खूण येते. ती बोटाने हळूहळू वर सरकवा आणि कापड पांढरे दिसू लागले की थांबा. त्याहून वर नेले तर पांढऱ्यावरचे पांढरे भरतकाम, लेसची जाळी, चुण्या सगळे पुसून जाते आणि नुसता कागद उरतो. भरतकाम दाखवायचे असेल तर उजेड समोरून न घेता एका बाजूने घ्या. टाक्यांच्या इवल्या सावल्या पडतात आणि कलाकुसर उठून दिसते.

काळ्या आणि गडद निळ्या कपड्याचे याच्या उलट. कॅमेरा त्याला उजळवून राखी करतो, म्हणून ती खूण थोडी खाली ओढावी. लाल रंग फोनमध्ये भडक होतो आणि घड्या दिसेनाशा होतात. फोटो काढल्यावर कपडा दिवसाच्या उजेडात फोनशेजारी धरून रंग ताडून पाहा. जुळत नसेल तर खाली शब्दांत लिहा, ‘रंग फोटोपेक्षा थोडा गडद आहे.’ हे एक वाक्य परत येणाऱ्या मालाचा खर्च वाचवते.

एका कपड्याचे सहा फोटो

गिऱ्हाईक घरी आले असते तर त्याने काय काय पाहिले असते, ते आठवा आणि तेवढे फोटो काढा. पहिला समोरून, दुसरा मागून, तिसरा गळ्याचा किंवा बटणपट्टीचा जवळून, चौथा कपडा उलटा करून आतल्या शिवणीचा, पाचवा कापडाची वीण किंवा लेस दिसेल असा. सहावा टेप लावून मापाचा.

आतल्या शिवणीचा फोटो विसरू नका. अस्तर लावले आहे, कडा इंटरलॉक केल्या आहेत, मुंढ्याला दुहेरी टीप आहे, वाढत्या वयासाठी बाजूला दोन इंच कापड राखले आहे, हेच आपल्या कामाचे मोल आहे. बाजारातल्या स्वस्त मालात नेमके हेच नसते. जे लपलेले चांगले काम आहे, ते दाखवल्याशिवाय त्याचे पैसे मिळत नाहीत. ‘दोन वर्षांच्या मुलीसाठी’ एवढे लिहून भागत नाही, कारण सगळी मुले सारखी नसतात. छाती, उंची, बाही इंचात लिहा आणि टेप फोटोत दिसू द्या.

आणि दोष असेल तोही दाखवा. काठावर विणकराची गाठ आहे, उरलेल्या कापडातून शिवल्याने मागचा तुकडा जोडलेला आहे, तर तसे सांगा. सैल कुर्ता मागून टाचण्या लावून अंगाबरोबर दाखवणे ही फसवणूक आहे. चांगला फोटो म्हणजे खोटा फोटो नव्हे. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि चार जणींना सांगते ते वेगळेच.

आपल्या मुलींचे फोटो

कपडा अंगावर घातलेला दिसला की बसतो कसा, हे कळते, म्हणून अनेक जणी स्वतःच्या किंवा शेजारच्या मुलीला फ्रॉक घालून फोटो काढतात. इथे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. असा फोटो एका गटातून दुसऱ्या गटात जातो, अनोळखी माणसांच्या फोनमध्ये साठतो आणि मग तो परत घेता येत नाही. म्हणून मुलीचा चेहरा दाखवू नका. मानेखालचा फोटो काढा किंवा कपडा टांगूनच काढा. शाळेचे नाव, घराचा नंबर, गल्लीची पाटी मागे येऊ देऊ नका. शेजारची मुलगी असेल तर तिच्या आईला हा फोटो कुठे जाणार आहे ते आधी सांगा, आणि मुलगी नको म्हणाली तर तो विषय तिथेच संपवा. मोठ्या बाईच्या बाबतीतही हाच नियम पाळा.

फोटो पाठवताना

फोटो कापून सरळ करणे, उजेड किंचित वाढवणे एवढे ठीक. रंग बदलणारे फिल्टर वापरू नका. आता फोनमधली साधने मागे बंगला किंवा बगीचा चिकटवून देतात, कधी कापडाची पोतही बदलून टाकतात. आपला कपडा आपल्या हातचा दिसला पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि टाके पुसट होतात. २०२३ पासून तिथे ‘एचडी’ असा पर्याय आहे, तो दाबून पाठवा. रोज त्याच गिऱ्हाइकांना तेच फोटो पाठवण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात २०१९ पासून मालाची यादी फोटो आणि किमतीसह लावून ठेवता येते. फोटोखाली कापडाचा प्रकार, मापे, धुण्याची सूचना, किती दिवसांत मिळेल आणि किंमत स्पष्ट लिहा. ‘किंमत फोनवर विचारा’ असे लिहिले की हात आखडून खर्च करणारी बाई विचारायला संकोचते आणि निघून जाते. ती बाई आपल्यासारखीच आहे, हे विसरू नका.

दुसऱ्याच्या दुकानाचा फोटो उचलून ‘असे शिवून मिळेल’ म्हणून पाठवण्याची पद्धत पडली आहे. ती सोडा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्रही येते, आणि त्याचा हक्क सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा असतो. तोच कायदा आपल्याही बाजूने आहे. आपला फोटो कोणी न विचारता उचलला तर आपण हटकू शकतो. कोपऱ्यात गटाचे नाव लहान अक्षरात घाला, कपड्यावर मात्र नको.

एकटीने करण्यापेक्षा गटाने

प्रत्येकीकडे चांगला फोन नसतो, घरात उजेड नसतो, वेळ तर नसतोच. म्हणून महिन्यातला एक रविवार ठरवा. ज्या भगिनीच्या दारात उजेड चांगला, तिच्या घरी जमा. एक चादर, एक कार्डशीट, एक इस्त्री, एक टेप आणि गटातला सर्वांत बरा फोन एवढे सामान सर्वांना पुरते. एकीने इस्त्री करावी, एकीने टांगावे, एकीने फोटो काढावे, एकीने वहीत लिहावे. प्रत्येक कपड्याला नंबर द्या, तोच नंबर चिठ्ठीवर लिहून पहिल्या फोटोत ठेवा आणि वहीत मापे व किंमत लिहा. मग गिऱ्हाइकाने ‘१४ नंबरचा’ म्हटले की शोधाशोध होत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना यात घ्या. फोन त्यांच्या हातात सराईत असतो आणि आईच्या कामाची किंमतही त्यांना कळते.

भगिनींनो, फोटो चांगला आला म्हणून लगेच मागणीचा पूर येईल, असे आम्ही म्हणत नाही. पहिल्या महिन्यात दोन नग जातील, पुढच्या महिन्यात कदाचित पाच. दुकानदाराचे काम लगेच सोडू नका. चूल त्यावर चालते. पण आपल्या फोनमध्ये आपल्या पंचवीस कपड्यांचे नीट फोटो आणि त्यांखाली आपण ठरवलेली किंमत असेल, तर उद्या तोच दुकानदार मजुरी कमी करतो म्हणाला की त्याला उत्तर देता येईल. आज ते उत्तर आपल्याकडे नाही.

किंमत ठरवताना कापड, लेस, दोरा, वीज आणि आपले तास कसे धरायचे, हे पुढच्या लेखात पाहू. तोवर येत्या रविवारी दार उघडा, दिवा बंद करा आणि एका कपड्याचे सहा फोटो काढून पाहा. काय अडले ते आम्हाला पत्राने अवश्य कळवा.